सात की आठ

माझ्या लॅपटॉपवर 'कान' नावाची एक एक्सेल शीट आहे. कॉलम असे: दुकान, मॉडेल, चॅनेल, वॉरंटी, जोडीची किंमत, आणि शेवटचा 'अण्णा काय म्हणाले'. या शेवटच्या कॉलममध्ये जवळजवळ सगळीकडे एकच नोंद आहे: "एवढ्यात गाडी येती."

गाडी म्हणजे त्यांच्या हिशोबात सेकंडहँड मोटारसायकल. काही ओळींमध्ये तर नवी आली असती, तेही हेल्मेटसकट.

अण्णा म्हणजे माझे वडील. १९७९ ते २०११ अशी बत्तीस वर्षं ते पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होते. कोरेगावहून आले ते थेट पॉवर प्रेसवरच. पत्रा सरकवायचा, पेडल मारायचं, धाड! पुन्हा पत्रा. एका शेडमध्ये असे वीस-पंचवीस प्रेस. लहानपणी एकदा डबा द्यायला गेलो होतो तेव्हा गेटवरच पायाखालची जमीन हादरत होती. मला वाटलं होतं काय भारी जागा आहे ही!

ऐकू कमी येतंय हे आम्हाला कधी कळलं? खरं सांगायचं तर २०२०मध्ये, मास्क आले तेव्हा. त्याआधी 'अण्णांना जरा मोठ्यानं सांगावं लागतं' एवढंच होतं. मास्क लागले आणि हा माणूस एकदम गप्प झाला. दुकानात गेले की नुसती मान हलवायचे आणि भलतंच काहीतरी घेऊन यायचे. मग ट्यूब पेटली की इतकी वर्षं ते ओठ वाचत होते. कुणी शिकवलं नव्हतं, त्यांनी कुणाला सांगितलंही नव्हतं. शेडमध्ये सगळेच एकमेकांचे ओठ वाचायचे म्हणे, त्यात काय सांगायचं?

२०२१मध्ये मी इंजिनियरला शोभेलसं काम केलं. ऑनलाइन शोधलं, चांगले 'रिव्ह्यू' बघितले आणि १,८९९ रुपयांचं एक यंत्र मागवलं. ते मशीन नव्हतंच, नुसता अॅम्प्लिफायर होता. कानात घातल्याबरोबर आईनं कुकर लावला. पहिल्या शिट्टीला अण्णांनी ते उपटून काढलं आणि आजतागायत ते टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आहे. त्यातून 'मशीनचा काही उपयोग नसतो' हा निष्कर्ष मात्र घरात पक्का झाला, आणि त्याची किंमत १,८९९पेक्षा बरीच जास्त होती. त्यापुढे दोन वर्षं विषयच निघाला नाही.

मग डिसेंबर २०२३. लेकीच्या शाळेचं गॅदरिंग. तिचा नाच सातला होता. मी आणि बायको ऑफिसमधून परस्पर जाणार होतो, अण्णा घरून रिक्षानं येणार होते. फोनवर मी स्पष्ट सांगितलं, "सातला या." ते "बरं, बरं" म्हणाले. आले ते पावणेआठला, इस्त्रीचा शर्ट घालून, आठच्या आधी पंधरा मिनिटं, म्हणजे त्यांच्या मते वेळेत. लेक तेव्हा रंग पुसून वडापाव खात होती. तिनं विचारलं, "आजोबा, तुम्ही बघितलं का?" त्यांना प्रश्नही ऐकू आला नाही. ते हसून म्हणाले, "हां हां, लई भारी नाचली!"

ती माझ्याकडे बघायला लागली. त्या रात्री मी 'कान' नावाची शीट उघडली.

पहिली टेस्ट ज्यांच्याकडे केली त्या ऑडिओलॉजिस्ट बाई चांगल्या निघाल्या. साउंडप्रूफ खोलीत बसवून वेगवेगळ्या पट्टीतले आवाज ऐकवतात, ऐकू आलं की बटण दाबायचं. त्याचा जो आलेख येतो त्याला ऑडिओग्राम म्हणतात. तो उलटा असतो, रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. अण्णांची रेघ ५०० हर्ट्झला तीस-पस्तीस डेसिबलवर, १०००ला चाळीस-पंचेचाळीसवर, २०००ला साठ, आणि ४०००ला एकदम ऐंशी. ८०००ला पुन्हा थोडी वर. ४०००चा तो खड्डा बघून बाईंनी मला नाही, अण्णांना विचारलं, मोठ्यानं आणि समोर बघून, "काका, तुम्ही कारखान्यात होतात का?"

अण्णा चकित! "तुमाला कसं कळलं?"

कळतं म्हणे. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं राहिलेल्या कानाची ही खूण असते. आत शंखासारखा जो अवयव असतो त्यात बारीक केसांच्या पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत, आणि आवाजाच्या माऱ्यानं पहिला बळी जातो तो ४०००च्या आसपासच्यांचा. पुढे वयाची भर पडते ती वेगळीच.

आता यात गंमत अशी (गंमत कसली म्हणा), की आपल्या बोलण्यातले स्वर, आ ई ऊ, खालच्या पट्टीत असतात आणि जोरदार असतात. व्यंजनं, विशेषतः स, श, फ, थ, वरच्या पट्टीत आणि अगदी मिणमिणती. अण्णांना स्वर सगळे पोचतात. म्हणून ते म्हणायचे, "ऐकू येतंय की मला, तुमी नीट बोलत नाही." आणि ते खरंच होतं! त्यांना 'सात'मधला 'आ' ऐकू आला होता. 'स' गेला, 'त' अर्धा गेला. उरलं काय? आठ.

इतकी वर्षं मी मोठ्यानं बोलत होतो. मोठ्यानं बोलून स्वरच मोठे होतात, जे त्यांना ऐकू येतच होते. शिवाय मोठ्यानं बोलताना आपल्या आवाजात राग आपोआप येतो. मनात नसला तरी येतो. म्हणजे त्यांना शब्द कळत नव्हता, पण राग मात्र कळत होता. हे मला चाळिशी उलटल्यावर एका आलेखावरून समजलं, असो.

आता पैशाचं.

बाईंनी जोडीचे तीन पर्याय दिले: २,८५,०००, १,९०,००० आणि १,३८,०००. मी निर्धास्त होतो, कारण माझ्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे आणि आईवडिलांसाठी दर वर्षी माझ्या पगारातून वेगळा प्रीमियम कापला जातो. २०१९मध्ये अण्णांच्या दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू त्याच पॉलिसीत झाला होता, लेन्ससकट, खिशातून फार काही गेलं नव्हतं. डोळे झाले तसे कान होतील, असा माझा सरळ हिशोब. हेल्पलाइनवरच्या मुलीनं पहिला प्रश्न विचारला, "पेशंट अॅडमिट आहे का सर?"

नाही. मशीन लावायला अॅडमिट कशाला व्हावं लागेल?

मग तिनं मला पॉलिसीतलं पान सांगितलं. मी इतकी वर्षं 'आय अॅग्री' म्हणून पुढे गेलो होतो, त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. काय काय मिळणार नाही याच्या यादीत चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स आणि श्रवणयंत्र हे तिघे एकाच ओळीत बसले होते. जुन्या मेडिक्लेमपासून ही ओळ अशीच चालत आलेली आहे. म्हणजे डोळ्याच्या आत बसवलेली लेन्स हा उपचार आणि कानाच्या मागे बसवलेलं मशीन ही हौस. त्यात चष्मा दीड-दोन हजारात होतो, आणि त्याच ओळीतलं मशीन दीड-दोन लाखात. मी त्या मुलीशी जरा वाद घातला. तिचा काही दोष नव्हता, शेवटी मीच सॉरी म्हणालो.

न्यू जर्सीला माझा मावसभाऊ असतो. म्हटलं तिकडे तरी काय करतात बघू. तर तिथे म्हाताऱ्यांसाठी सरकारी मेडिकेअर आहे, आणि १९६५मध्ये तो कायदा झाला तेव्हाच त्यात श्रवणयंत्र वगळलं. मूळ मेडिकेअरमध्ये ते आजही वगळलेलं आहे. त्यांनी दुसरीकडून वाट काढली: ऑक्टोबर २०२२पासून सौम्य ते मध्यम बहिरेपण असलेल्या मोठ्या माणसांना चिठ्ठीशिवाय दुकानातून यंत्र घेता येतं, आणि २०२४च्या सप्टेंबरमध्ये तर एका प्रसिद्ध कंपनीच्या इअरफोनमधल्या सॉफ्टवेअरलाच श्रवणयंत्र म्हणून मान्यता मिळाली. मावसभाऊ म्हणाला, "अण्णांना एक पाठवू का?" मी ऑडिओग्राम पाठवला. ४०००ला ऐंशी बघून तोच म्हणाला, नको.

मग सरकारी दार. आपल्याकडे अॅडिप नावाची केंद्राची योजना आहे, १९८१पासूनची. तीत दिव्यांगांना साधनं मिळतात, कानाचं मशीनसुद्धा. त्यासाठी उत्पन्नाची अट आहे, आणि ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. २०१६च्या कायद्यात 'ऐकू कमी येणारा' कोण, तर ज्याच्या दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल तोटा आहे तो. मोजणी अशी की चार पट्ट्यांची सरासरी काढायची. अण्णांचा उजवा बावन्न, डावा पंचावन्न. सरासरीत बसले नाहीत! ४०००चा खड्डा ५००च्या सपाटीनं भरून काढला. महाराष्ट्र सरकारची २०२४ची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे, ६५ वर्षांवरच्यांना अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये. पण कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत हवं, आणि माझ्या पगारामुळे आम्ही तिथेही नापास. हे योग्यच आहे, तक्रार नाही. ते तीन हजार ज्यांना मिळायला हवेत त्यांनाच मिळोत. केंद्र सरकारच्या नोकरीत असते तर मशीनचे पैसे ठराविक मर्यादेपर्यंत परत मिळाले असते. अण्णा प्रेसवर होते.

आणि प्रेसचं काय? तर कामाच्या ठिकाणच्या आवाजानं ऐकू येणं कमी होणं हा कायद्यानं व्यवसायजन्य आजार आहे. भरपाईच्या १९२३च्या कायद्याच्या परिशिष्टात तो लिहिलेला होता. कारखान्यात आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादाही आहे. मी अण्णांना विचारलं, कंपनीत कधी कानाची तपासणी झाली होती का? म्हणाले, "छातीचा फोटो काढायचे." कानात घालायला काही द्यायचे का? "वेस्ट कॉटन असायचं की, मशीन पुसायचं. त्याचे बोळे." भरती होताना कान कसे होते याचा कागद नाही, निवृत्त होताना कसे होते याचाही नाही. तेरा वर्षांनी कुठल्या तोंडानं आणि कुठला कागद घेऊन भांडणार? मी तरी भिडलो असतो. अण्णाच म्हणाले, "त्या कंपनीनं तुला इंजिनियर केला. गप बस."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

राहिला माझा खिसा. आता हे लिहायला लाज वाटते, कारण सॉफ्टवेअरवाला म्हटलं की लोकांना वाटतं पैशाच्या थप्प्या. मोशीच्या फ्लॅटचा हप्ता ४३,०००, लेकीची फी, आणि त्या वर्षी कंपनीनं व्हेरिएबल पे शून्य दिला होता. बेंचवर बसलेल्यांना एकेक करून मीटिंग रूममध्ये बोलावत होते. एक लाख अडतीस हजार म्हणजे घरात बाजूला ठेवलेल्या पैशातला मोठा लचका होता. मी बाईंना विचारलं, एकाच कानाचं घेतलं तर?

हा प्रश्न विचारताना अण्णा शेजारी बसले होते, पण मी बाईंकडे तोंड करून, हळू विचारलं. म्हणजे त्यांना ऐकू येऊ नये म्हणून. बहिरेपणाचा असा फायदा मीही घेतला, एकदा तरी.

बाई म्हणाल्या, एक भारीतलं घेण्यापेक्षा दोन साधी घ्या. आवाज कुठून येतो ते दोन कानांनी कळतं, आणि गोंगाटात बोलणं वेगळं काढायलाही दोन्ही लागतात. भारीतलं आणि साधं यात फरक काय, तर बऱ्याचदा चिप तीच असते, चॅनेल आणि गोंगाट कमी करण्याच्या सोयी सॉफ्टवेअरमधून कमी-जास्त उघडलेल्या असतात. हे ऐकून मला संताप यायला हवा होता. पण आम्ही ऑफिसमध्ये लायसन्स-की लावून अगदी हेच करतो, त्यामुळे नुसती मान हलवली. :-)

किमतीत नुसतं यंत्र नसतं हेही तिथे समजलं. जीएसटी तर यावर शून्य आहे. पण ते कानाच्या आलेखाप्रमाणे बसवणं, पुन्हा पुन्हा येऊन जुळवणं, हे सगळं त्याच आकड्यात असतं. वीस डेसिबल सगळीकडे वाढवून चालत नाही. हळू आवाज जास्त वाढवायचा, मोठा कमी वाढवायचा, प्रत्येक पट्टीत वेगळा. माझ्या १,८९९च्या डबीला हेच येत नव्हतं, म्हणून कुकर डोक्यात शिरला होता.

अण्णांनी एफडी मोडतो म्हटलं. आई मोडू देईना. शेवटी साठ हजार रोख आणि बाकीचे सहा हप्त्यांत, असं जून २०२४मध्ये घेतलं. १,३८,०००वालंच.

पहिला आठवडा भयंकर गेला. पेपरचा आवाज, फ्रिजचा आवाज, स्वतःच्या चपातीचा आवाज. "डोक्यात कुणीतरी पत्रा ओढतंय," म्हणाले. बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की मेंदूला वेळ लागतो, रोज थोडं थोडं वाढवा. तीनदा जाऊन जुळवून आणलं. मंगल कार्यालयात, बँड चालू असताना, आजही त्यांना काही कळत नाही, ते मशीन काढून खिशात ठेवतात. पण घरात, समोरासमोर, 'स' परत आला.

आणि एक दिवस जेवताना त्यांनी घास थांबवला, वर बघितलं आणि म्हणाले, "ह्या पंख्याचा बुश गेलाय." मला काही ऐकू येत नव्हतं. खुर्ची लावून चढले, वय सत्तर पार, आई खालून ओरडतेय. पंखा खोलला, बुश खरंच झिजला होता. प्रेसवर असताना नुसत्या आवाजावरून डाय बोथट झाली ते सांगायचे, हे मी लहानपणी ऐकलं होतं. मला वाटायचं बढाई असेल.

मग ऑगस्टात लक्षात आलं की अण्णा दिवसभर मशीन घालतच नाहीत. डबीत ठेवतात, माझी गाडी खाली आली की घालतात. का? तर "सेल वाचतो." बारीक गोळीएवढा सेल, ३१२ नंबरचा, वर तपकिरी चिकटपट्टी. दिवसभर वापरला तर आठवडाभर जातो. सहाच्या पाकिटाला अडीचशेच्या आसपास, म्हणजे दोन कानांचे वर्षाला साडेचार हजार होतात. माझ्यावर आणखी बोजा नको म्हणून हा माणूस ७०,००० रुपयांचा एकेक कान डबीत ठेवून शांत बसून राहत होता. मी त्यांना समजावलं की हा सेल हवेवर चालतो. पट्टी काढली की आत हवा शिरते आणि मग तुम्ही वापरा की नका वापरू, तो संपतच जातो. वाचवता येत नाही.

अण्णांनी सेल तळहातावर घेऊन नीट बघितला. "म्हंजे मी दोन महिने फुकट बहिरा बसलो?"

हो.

"आधी सांगायचं न्हाई का रे."

आता सकाळी दात घासले की घालतात आणि झोपताना काढतात. बाईंनी सांगितलंय की मशीनचं आयुष्य साधारण पाच वर्षं धरा. ते अण्णांनी बरोबर ऐकलं. त्यांना कारखान्याच्या पीएफमधून महिना २,६४० पेन्शन येते. गेल्या रविवारी त्यांनी माझ्यासमोर पोस्टाचं एक नवंकोरं पासबुक ठेवलं. महिना एक हजाराची आरडी, पाच वर्षांची. मागच्या पानावर पेन्सिलनं आकडा लिहिला होता, ७१,३६६.

"एका कानाचं झालं," म्हणाले. "दुसऱ्याचं तू बघ."